बाहेर फेकलेली नोट



गेल्या अंकाच्या अखेरीस वाचकांना एक कोडे घातले होते. नव्या वाचकांसाठी ते पुन्हा सांगतो. एका पेढीवर १०,००० नोटा आहेत आणि त्यांपैकी ५ बनावट आहेत. नोटा तपासण्याचे यंत्र असे आहे की, बनावट नोट त्याच्या तावडीतून कधीच सुटत नाही. मात्र खऱ्या नोटांपैकी शंभरात एक नोट ते मळकी किंवा दुमडलेली असल्यामुळे चुकून बाहेर फेकते. यंत्राने आत्ताच एक नोट बाहेर फेकली आहे. ती बनावट असण्याची शक्यता किती?

उत्तरे बरीच आली. बहुतेकांनी ९९ टक्के असे कळवले. शंभरात एकदाच चुकणाऱ्या यंत्राचा निर्णय ९९ टक्के बरोबरच असणार, असा त्यांचा युक्तिवाद. एका वयोवृद्ध व्यापारी बंधूंनी मात्र गणित न करताच लिहिले की, ‘यंत्राने फेकलेली नोट हातात घेऊन पाहिली तर बहुधा ती खरीच निघते, हा माझा रोजचा अनुभव आहे.’ त्यांचे उत्तर बरोबर आहे.

हिशेब सोपा आहे. यंत्र ५ बनावट नोटा तर बाहेर फेकीलच. उरलेल्या ९,९९५ खऱ्या नोटांपैकी शंभरात एक या दराने सुमारे १०० नोटाही ते बाहेर फेकील. म्हणजे बाहेर पडलेल्या नोटा एकूण १०५ आणि त्यांत बनावट फक्त ५. आपल्यासमोर पडलेली नोट बनावट असण्याची शक्यता २१ मध्ये १, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. यंत्र चांगलेच आहे, त्याचा दोष नाही. बनावट नोटा मुळात फारच थोड्या आणि खऱ्या नोटा फार, ही गोष्ट आपण हिशेबात धरायला विसरतो. ‘बनावट नोट असेल तर यंत्र ती फेकील’ आणि ‘यंत्राने फेकली म्हणजे नोट बनावट असेल’ ही दोन विधाने कानाला सारखी लागतात. प्रत्यक्षात त्यांच्यात पाच टक्के आणि शंभर टक्के इतके अंतर आहे.

या विषयाचा पाया थॉमस बेझ नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने घातला. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १७६३ साली, एका मित्राने प्रसिद्ध करविला. नवा पुरावा हाती आला म्हणजे आपल्या आधीच्या अंदाजात किती फरक करावा, याचे ते शास्त्र आहे. आपण व्यापारी माणसे हे शास्त्र न शिकता पाळतो. यंत्राने नोट फेकली म्हणून कोणी ती लगेच फाडून टाकीत नाही. आपण ती उचलतो, उजेडात धरतो, तार पाहतो, बोटाने चाचपतो आणि मग ठरवतो.

हे कोडे मी सहज म्हणून घातले नव्हते. त्याला दोन महिन्यांपूर्वीचा एक प्रसंग कारण झाला.

माझ्या भाच्याचे एका तालुक्याच्या गावी ठोक किराण्याचे दुकान आहे. एका रात्री त्याचा फोन आला. ‘मामासा, तिमाहीच्या मोजणीत वेलदोडे चार किलो कमी भरले आहेत. सहा महिन्यांपूर्वी गोदामात एक नवा मुलगा ठेवला आहे. गावाबाहेरच्या पारध्यांच्या वस्तीवरचा. आजूबाजूचे सगळे दुकानदार म्हणतात, दुसरे कोण असणार? उद्या सकाळी चौकीवर नेतो. आपण बँकेत होता म्हणून म्हटले एकदा विचारावे.’

मी विचारले, ‘पुरावा काय?’

‘कॅमेऱ्यात तो त्या दिवसांत चार वेळा वेलदोड्याच्या खणाकडे जाताना दिसतो.’

‘त्याचे काम काय?’

‘माल काढून काउंटरवर आणणे.’

‘मग तो तिकडे गेला नसता तर तू त्याला कामचुकार म्हणाला असतास.’

भाचा गप्प झाला. मी त्याला एवढेच म्हटले, ‘उद्याचा दिवस थांब. मी सकाळच्या एसटीने येतो.’ फोन ठेवला खरा. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हाच प्रश्न ३८ वर्षांपूर्वी माझ्यासमोर आला होता आणि तेव्हा मी तो चुकीचा सोडवला होता. याविषयी मी आजवर घरातही फारसा बोललो नाही. या सदरातून गेली काही वर्षे मी इतरांना विवेकाने विचार करण्यास सांगत आलो आहे. म्हणून ते लिहिणे मला आता भाग आहे.

१९८६ साल. मी एका निमशहरी शाखेत कनिष्ठ अधिकारी होतो. एका शुक्रवारी संध्याकाळी रोख मोजताना ४,००० रुपये कमी भरले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. रोखपाल जुने आणि सचोटीचे. त्यांच्यावर कोणाचाच संशय नव्हता. तिजोरीच्या खोलीपर्यंत ये-जा असणारा दुसरा माणूस म्हणजे झाडलोट करणारा आणि पाणी भरणारा रोजंदारीवरचा मुलगा. वय एकोणीसच्या आसपास. तोही पारधी समाजाचा होता. शाखाधिकारी म्हणाले, ‘तुम्ही शहरातून आलात, तुम्हाला या लोकांची जात ठाऊक नाही.’ टिपण मला लिहायला सांगितले. मी त्यात एक वाक्य लिहिले की, सदर इसमाचा त्या सुमारास रोख विभागात वावर संशयास्पद होता. वस्तुतः तो रोजच्याप्रमाणे माठ भरायला आला होता. ‘संशयास्पद’ हा शब्द माझा.

मुलाला चौकीवर नेले. दोन रात्री ठेवले. तिथे काय झाले असेल हे मी विचारले नाही. विचारले नाही, कारण मला अंदाज होता. काहीच सापडले नाही, तेव्हा त्याला सोडले. कामावरून त्याला आधीच काढले होते.

दहाव्या दिवशी, सोमवारी, गावातला एक व्यापारी शाखेत आला. मजुरांच्या हजेरीसाठी त्या शुक्रवारी त्याने दहा हजार रुपये दहाच्या सुट्या नोटांत नेले होते. दहा गड्ड्या. शेवटच्या गड्ड्या त्याने पुढच्या शनिवारी सोडल्या, तेव्हा त्यांत एक गड्डी पन्नासच्या नोटांची निघाली. शंभर नोटा, पाच हजार रुपये. हव्या होत्या एक हजाराच्या. तो भला माणूस जास्तीचे चार हजार जसेच्या तसे परत घेऊन आला होता.

वाचकहो, यातली मला सर्वांत लाजिरवाणी वाटणारी गोष्ट पुढेच आहे. चार हजार हा आकडाच आम्हाला उत्तर सांगत होता. चोर एक गड्डी उचलतो तेव्हा पाच हजार जातात किंवा एक हजार जातात. पन्नासची गड्डी जाऊन तिच्या जागी दहाची गड्डी शिल्लक राहते, तेव्हाच तूट नेमकी चार हजारांची येते. आणि अशी अदलाबदल देण्याघेण्यात होते, चोरीत नव्हे. रोखपालाने धनादेशांच्या पाठीवर कोणत्या नोटा किती दिल्या हे लिहिलेले होते. ते कोणी ताडून पाहिले असते, तर दहाची एक गड्डी जास्त आणि पन्नासची एक कमी असल्याचे दहा मिनिटांत कळले असते. मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर. हिशेबाची तफावत शोधणे हेच माझे शिक्षण. पण आम्ही फक्त बेरीज पाहिली आणि माणसाकडे वळलो. उत्तर आधीच मिळाले आहे असे वाटले की, माणूस शोधायचे थांबतो.

तुटीची रक्कम त्या दहा दिवसांसाठी सस्पेन्स खात्यात टाकलेली होती. पैसे परत येताच उलट नोंद झाली आणि पाच मिनिटांत खाते मिटले. त्या मुलाच्या नावावर जी नोंद आम्ही केली होती, तिची उलट नोंद कोणी केली नाही. शाखाधिकारी म्हणाले, ‘आता कशाला उकरून काढता?’ मी दोन दिवसांनी सायकलवर वस्तीकडे गेलो. पाले उठलेली होती. तीन दगडांच्या चुली आणि थोडी राख होती. शेजारच्या मळ्यातला माणूस म्हणाला, ‘पोलीस एकदा आले की ही माणसे राहत नाहीत.’ मी परत आलो. त्यानंतर त्याला शोधण्याचा प्रयत्न मी केला नाही.

‘त्यांची जात’ हा शब्दप्रयोग कोठून आला, हेही समजून घेतले पाहिजे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर वाढविण्यात आली. एखादी जमात या यादीत गेली की, तिच्यात जन्मलेल्या माणसाने काहीही केलेले नसले तरी त्याची नोंद, हजेरी, हालचालींवर बंधने. सोलापूरची तारेच्या कुंपणाची सेटलमेंट जुन्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. फासेपारधी त्या यादीत होते. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. कायदा ८१ वर्षे चालला. सवय त्यानंतरही चालू राहिली.

कोणी म्हणेल, ‘पण चोरीत पकडले जाणाऱ्यांत ही माणसे दिसतात, हे खोटे का?’ येथे पुन्हा आपले नोटांचे कोडे आठवा. पकडल्या गेलेल्यांत अमुक समाजाचे किती, हा एक प्रश्न. त्या समाजातील किती माणसे चोर, हा अगदी वेगळा प्रश्न. शिवाय, ज्या गल्ल्यातल्या नोटा तपासल्या जातात त्याच गल्ल्यात बनावट नोटा सापडतात. चोरी झाली की पहिली धाड एकाच वस्तीवर घालायची आणि मग पकडलेल्यांची गणती त्या वस्तीविरुद्ध पुरावा म्हणून वापरायची, हा हिशेब आपल्या लेखापरीक्षकाने तरी मान्य केला असता का?

ही चूक अडाण्यांचीच होते असे मुळीच नाही. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकील महिलेची दोन तान्ही बाळे एकामागून एक दगावली. १९९९ साली न्यायालयात एका नामांकित बालरोगतज्ज्ञांनी सांगितले की, अशा घरात दोन बाळांचा असा अकस्मात मृत्यू ओढवण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक आहे. ऐकणाऱ्यांचा समज झाला की, आई निर्दोष असण्याची शक्यताच तेवढी कमी आहे. तिला जन्मठेप झाली. खरे तर आईने पोटची दोन बाळे मारणे हीदेखील अत्यंत दुर्मीळ गोष्ट. दोन दुर्मीळ गोष्टींपैकी कोणती अधिक दुर्मीळ, हा प्रश्न होता. तो विचारलाच गेला नाही. शिवाय, एका बाळाच्या मृत्यूचा दुसऱ्याशी काहीच संबंध नाही असे गृहीत धरून तो आकडा काढला होता. एकाच घरात, एकाच रक्ताच्या बाळांबाबत ते धरता येत नाही. तेथील रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये ती सुटली. पण चार वर्षांत वारली.

आणि आपल्या महाराष्ट्रातील गोष्ट तर याहून भयंकर आहे. २००३ सालच्या एका खून-बलात्काराच्या खटल्यात भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना नाशिकच्या न्यायालयाने २००६ मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. परंतु २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. पुढे तेच प्रकरण त्याच न्यायालयाने पुन्हा उघडले आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. घटनेनंतर लगेच प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या छायाचित्रांतून भलतेच चार जण ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. सोळा वर्षांचे पाच लाख. ही उलट नोंद निदान झाली तरी. गोदामातून, दुकानातून आणि बँकेतून चौकीवर नेलेल्या मुलांच्या उलट नोंदी कोण करणार?

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. कोलकात्यात १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस हे काही जैन नव्हते. तरी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या मूलाधारांविषयी लिहिताना त्यांनी स्याद्वादाची आवर्जून दखल घेतली आणि सप्तभंगीतील ‘अवक्तव्य’ या भंगाकडे लक्ष वेधले. १९५७ साली थोर शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीही त्यांच्या ‘संख्या’ या नियतकालिकात स्याद्वादावर लेख लिहिला. अर्थात ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, आणि स्याद्वाद म्हणजे संशयवाद नव्हे, हे आपल्या विद्वानांनी वारंवार बजावले आहे. ‘एका अपेक्षेने’ असा त्याचा अर्थ. पण जेवढे पाहिले तेवढ्यापुरतेच बोलावे, ही शिस्त दोन्हींत समान आहे.

आणखी एक गोष्ट. अठरा पापस्थानकांत तिसरे अदत्तादान, म्हणजे न दिलेले घेणे, आणि तेरावे अभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्यावर खोटा आळ घालणे. प्रतिक्रमणात आपण दोन्हींची नावे एकाच सुरात घेतो. दुकानात मात्र नोकर तिसरे करील या भीतीने कुलपे लावतो, कॅमेरे बसवतो. आपण स्वतः तेरावे करू नये म्हणून काय बसवले आहे? मी त्या मुलाचे टिपण लिहिले, त्या वर्षीही मी संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागितली होती. ज्याची मागायला हवी होती, त्याचा पत्ता माझ्याजवळ नव्हता.

आता भाच्याकडे येतो. दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो, तेव्हा भाचेसुनेने संगणकावर गेल्या दोन वर्षांच्या मोजण्या काढून ठेवल्याच होत्या. मी फोनवर बोललो ते तिने ऐकले होते. ती म्हणाली, ‘मामासा, हा मुलगा यायच्या आधीच्या तिमाह्यांतही वेलदोडे कमीच आहेत. साडेतीन किलो, चार किलो, तीन किलो. तेव्हा कोणी पाहिले नाही, कारण संशय घ्यायला समोर कोणी नव्हते.’

तूट कोठे जाते हे अजून कळलेले नाही. वेलदोडे वाळतात, वजन घटते. लहान पुड्या बांधताना काटा जड तोलतो का, हेही तपासायचे आहे. एखादा चोरही असेल, आणि तो जुन्या, विश्वासातल्या माणसांपैकीही असेल. नव्या मुलाने काहीच केले नाही असेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढेच सांगू शकतो की, त्याच्याविरुद्ध जे होते ते पुरावा नव्हते. तो कामावर आहे. भाच्याने त्याला काही विचारले नाही आणि काही सांगितलेही नाही. मला वाटते, मुलाला सर्व ठाऊक असावे. मी निघालो तेव्हा त्याने माझी पिशवी स्टँडपर्यंत आणून दिली आणि वाटेत एक शब्दही बोलला नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर असा प्रसंग येतो. तेव्हा चौकीची वाट धरण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. ही तूट हा माणूस येण्याआधीही येत होती का? जी खूण मी पुरावा समजतो, ती तो निर्दोष असता तरी अशीच दिसली असती का? आणि त्याचे आडनाव माझे असते, तर मी आज काय केले असते? तिन्ही उत्तरे कागदावर लिहावीत. लिहिल्यावर बरेच संशय तेथेच गळून पडतात. जो उरतो त्याची चौकशी अवश्य करावी. चोरी सोसत राहावी असे माझे म्हणणे नाही. मळकी म्हणून बाहेर पडलेल्या नोटेला आपण जेवढा वेळ देतो, तेवढा वेळ माणसाला द्यावा.

१९८६ चा तो मुलगा आज साठीच्या आसपास असेल. हे मासिक त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता किती, याचा हिशेब मी करून पाहिला नाही. तरी येथे लिहून ठेवतो की, त्या दिवशी तो फक्त माठ भरायला आला होता.

पुढील अंकासाठी कोडे : एकसारख्या तीन डब्या आहेत. एकीत दोन सोन्याची नाणी, दुसरीत दोन चांदीची, तिसरीत एक सोन्याचे व एक चांदीचे. डोळे मिटून एक डबी निवडली आणि तिच्यातून न पाहता एक नाणे काढले. ते सोन्याचे निघाले. त्याच डबीतील उरलेले नाणे सोन्याचे असण्याची शक्यता किती? ‘निम्मी’ असे उत्तर लिहिण्यापूर्वी एकदा कागदावर मांडून पाहावे.